‘यू ऑलराइट?’ला काय उत्तर द्यायचे
ब्रिटनला नव्याने येणाऱ्यांसाठी, इथे रुळलेल्या मराठी घरांकडून

पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षे इंग्रजीतून कामकाज केलेली माणसेही ब्रिटनमध्ये आल्यावर पहिले काही महिने गोंधळतात. शब्द सगळे ओळखीचे असतात, वाक्य नीट ऐकूही येते, पण समोरच्याला नेमके काय म्हणायचे आहे ते हाती लागत नाही. स्लाउ, हॅरो, रेडिंग, मँचेस्टर, लीड्स, एडिंबरा इथल्या घरांना आम्ही विचारले, की नव्या माणसाला तुम्ही काय सांगाल? बहुतेकांनी आधी हेच सांगितले, की वाक्प्रचारांची पुस्तके पाठ करत बसू नका. मुसळधार पावसाला ‘कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणणारा इथे क्वचित भेटतो. ‘इट्स चकिंग इट डाउन’ म्हणणारे रोज भेटतात. माणूस अडतो तो अशा दोन-चार शब्दांच्या साध्या बोलण्यापाशी.

पहिल्याच दिवशी कानावर पडेल ते ‘यू ऑलराइट?’ ऑफिसच्या लिफ्टमध्ये, दुकानाच्या काउंटरवर, शाळेच्या फाटकाशी कोणीही म्हणेल. तुमचा चेहरा उतरला आहे, असे त्याला सुचवायचे नसते. आपल्याकडे रस्त्यात भेटलेला शेजारी ‘काय, जेवण झालं का?’ म्हणतो, तेव्हा आपण त्याला भाजी कोणती होती ते सांगत बसत नाही, तसेच हे. ‘या, यू?’ म्हणावे आणि पुढे चालू लागावे. कोणी ‘नॉट टू बॅड’ म्हणाले तर त्याचे उत्तम चालले आहे असे समजा. तुमच्या कामाला मात्र ‘क्वाइट गुड’ असा शेरा मिळाला, तर त्यात सुधारणेला बरीच जागा आहे हे ओळखा. अमेरिकेत हेच शब्द मनापासूनची शाबासकी असतात.

बोलताना आपल्या बाजूने एक गोष्ट फार सांभाळावी लागते. मराठीत आर्जव क्रियापदात आणि सुरात असते. ‘दोन तिकिटं द्या ना’, ‘जरा सरकता का’ यांत ‘कृपया’ कुठेच नाही, तरी कोणाला खटकत नाही. तेच वाक्य मनात मराठीत जुळवून ‘गिव्ह मी टू टिकेट्स’ असे बाहेर आले, की ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटतो. सालस, कोणाला कधी दुखवणार नाही अशी आपली माणसे एवढ्याशा कारणाने इथे उर्मट ठरतात, याचे आम्हा सर्वांना वाईट वाटते. म्हणून ‘कॅन आय हॅव टू टिकेट्स, प्लीज?’ ही वाक्यरचना इतकी घोटा, की विचार न करता तीच तोंडात यावी.

ऑफिसात उलटे होते. तिथे हुकूमच विनंतीच्या वेषात येतो. साहेब ‘यू माइट वाँट टू हॅव अनदर लुक ॲट धिस’ म्हणाले तर ते काम पुन्हा करून द्यायचे आहे. ‘व्हेन यू गेट अ मोमेंट’ म्हणजे सवडीने नव्हे, लवकर. ‘विथ रिस्पेक्ट’ने वाक्य सुरू झाले, की विरोध येतो आहे हे जाणावे. क्रिकेटचे शब्द आपल्याला घरचे, पण ‘हिट फॉर सिक्स’ जपून घ्या: बातमीने कोणाला ‘हिट हिम फॉर सिक्स’ केले तर तो मनुष्य हादरला आहे. भारतातून आपल्यासोबत येणारे काही शब्दही बाजूला ठेवावेत. ‘आय हॅव अ डाउट’ म्हटले की तुमचा समोरच्यावर विश्वास नाही असे वाटते, ‘क्वेश्चन’ म्हणा. ‘आय पास्ड आउट इन 2015’ म्हणजे तुम्ही त्या वर्षी बेशुद्ध पडला होता.

वेळेच्या बाबतीत मराठी माणसाला सोपे आहे: ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात. जर्मनीतून इकडे आलेल्यांनी लक्ष द्यावे, कारण तिथे तशाच शब्दांचा अर्थ साडेसहा होतो. उत्तरेकडे ‘टी’ म्हणजे बहुधा संध्याकाळचे जेवण. मुलाला वर्गमित्राच्या घरी ‘टी’ला बोलावले असेल, तर तो तिथे जेवून येणार आहे; अंडे, मांस चालत नसेल तर आधीच कळवा.

सर्वांत जास्त घोटाळे होतात ते दवाखान्यात, आणि तिथे गैरसमज परवडत नाही. मँचेस्टरच्या एका घरात मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या आजींच्या फोनवर संदेश आला, की तुमच्या सर्जरीशी संपर्क साधून वेळ ठरवा. सून कामावरून परतेपर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. होती फक्त रक्तदाबाची वार्षिक तपासणी. इथे ‘सर्जरी’ म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा, म्हणजे ‘जीपी’चा दवाखाना. शस्त्रक्रियेला बोलण्यात ‘ऑपरेशन’ म्हणतात आणि ती जिथे होते ते ‘थिएटर’. डॉक्टरांनी ‘हाउ आर द वॉटरवर्क्स?’ विचारले तर प्रश्न लघवीचा आहे. ‘अंडर द वेदर’ म्हणजे थोडे कसनुसे. पण रुग्णालयातून फोन आला आणि नर्स ‘व्हेरी पुअर्ली’ म्हणाली, तर प्रकृती गंभीर आहे. हातातले काम टाकून निघा.

आपल्या तक्रारी सांगायलाही शब्द हवेत. कणकण वाटते याला ‘शिव्हरी’ म्हणा, अंग मोडून आले असेल तर ‘एकी ऑल ओव्हर’. हातापायाला मुंग्या येणे म्हणजे ‘पिन्स अँड नीडल्स’. छातीत आंबट जळजळ होते ती ‘हार्टबर्न’, तिचा हृदयाशी संबंध नाही. मात्र छाती दाबल्यासारखी वाटत असेल तर हा शब्द चुकूनही वापरू नका, ‘चेस्ट पेन’ असेच सांगा आणि 999 लावा. ‘लूज मोशन’ इथे सगळ्यांना कळतोच असे नाही, ‘डायरिया’ म्हणावे. जिवावरचे नाही पण थांबताही येत नाही, अशा वेळी 111 क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. पलीकडून ‘बेअर विथ मी’ ऐकू आले तर जरा थांबा असे सांगत आहेत. फोन ठेवू नका.

शाळेबद्दल थोडक्यात. इंग्लंडमध्ये ‘रिसेप्शन’ हा चार वर्षे पूर्ण झालेल्या मुलांचा वर्ग. ‘पब्लिक स्कूल’ सरकारी नसते. ईटनसारख्या भरमसाट फी घेणाऱ्या जुन्या शाळांना ते नाव आहे. ‘इन्सेट डे’ला शिक्षकांचे प्रशिक्षण असते, मुलांना सुट्टी.

इतके सांगूनही रोज काहीतरी नवे कानावर पडेल. लीड्समध्ये बसचालक तुम्हाला ‘लव्ह’ म्हणेल, न्यूकासलमध्ये दुकानदारीण ‘पेट’ म्हणेल, दोन्ही आपुलकीने. जे कळले नाही त्यावर मान डोलावू नका. आपल्या मान डोलावण्याचा अर्थ त्यांना होकार वाटतो आणि पुढचे सगळे त्यावर ठरते. ‘सॉरी, व्हॉट डझ दॅट मीन?’ एवढे विचारले की बहुतेक लोक आनंदाने समजावून सांगतात.

घरात इंग्रजी न येणारे आई-वडील असतील तर एक काम आल्या आल्या करा. सर्जरीत त्यांचे नाव नोंदवतानाच दुभाषा लागेल हे सांगून ठेवा. दुभाष्याचे पैसे रुग्णाला द्यावे लागत नाहीत. आणि भाषा विचारली की ‘मराठी’ असे स्पष्ट सांगा, नाहीतर हिंदीचा दुभाषा लावून देतील.