हवा दाबली की तापते : माझदा आरएक्स-७ चा इंटरकूलर आणि त्याचे पाइप



सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, हे तुम्ही अनुभवलं असेलच. बरेच जण म्हणतात, घर्षणामुळे. घर्षण थोडं असतंच, पण मुख्य कारण वेगळं आहे. हवा पटकन दाबली की आपण लावलेली ताकद तिच्यात उष्णता होऊन साठते. टर्बो असलेल्या गाडीत हेच होतं, फक्त पंप मारणारा हात नसतो. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा हवा दाबून इंजिनात ढकलतो. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त शक्ती.

पण ती हवा तापलेली असते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाळी बसवतात, तिला इंटरकूलर म्हणतात. दिसायला रेडिएटरसारखी, आतून दाबलेली गरम हवा जाते, बाहेरून वाऱ्याचा झोत लागतो. आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक नव्या डिझेल गाड्यांमध्येही ती असते. आज मात्र आपण उदाहरण घेऊ एका जपानी स्पोर्ट्स कारचं, माझदा आरएक्स-७ च्या तिसऱ्या पिढीचं. हौशी लोक तिला नुसतं 'एफडी' म्हणतात. ती १९९१ ते २००२ या काळात बनली. हीच का घेतली? कारण हिच्यात गरम हवेची किंमत फार लवकर मोजावी लागते.

या गाडीत पिस्टन नाहीत. तीन कोपऱ्यांचा रोटर अंडाकृती घरात फिरतो. असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ घन सेंटिमीटरचे, म्हणून इंजिन १.३ लिटरचं. रोटरच्या प्रत्येक टोकाला एक पट्टी असते, एपेक्स सील, जाडी जेमतेम २ मिलिमीटर. हवा फार गरम झाली की इंधनाचं मिश्रण नीट जळत जाण्याऐवजी एकदम भडकतं. याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनचं इंजिन थोडं नॉकिंग सहन करतं, खडखडाट करून इशारा देतं. रोटरी इंजिनात ती पट्टी तुटते, आणि तुटलेला तुकडा रोटर, भिंत आणि कधी कधी टर्बोचा पंखासुद्धा खराब करून बाहेर पडतो. म्हणजे सगळं इंजिन खोलायचं. म्हणून इथे इंटरकूलरचा विचार शक्तीच्या आधी इंजिनाच्या जिवासाठी करायचा.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, सातवी-आठवीचंच आहे. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस आणि दाब १ बार धरा. या गाडीचा कंपनीने ठेवलेला टर्बोचा दाब साधारण ०.७ बार, म्हणजे एकूण १.७ बार. टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर हवा जवळजवळ १०० अंशांपर्यंत तापते. दाब १.७ पट झाला, मग हवाही १.७ पट आली का? नाही. तापल्यामुळे ती फुगलेली असते. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे ३० अंशांचे ३०३ आणि १०० अंशांचे ३७३. १.७ गुणिले ३०३ भागिले ३७३, उत्तर येतं १.३८. म्हणजे दाबाने दिलेलं बरंच उष्णतेने परत घेतलं. हीच हवा इंटरकूलरने ५० अंशांवर आणली, तर उत्तर १.५९ येतं.

पण जाळीतून आणि पाइपातून जाताना हवा थोडा दाब गमावते. समजा ०.१ बार गेला. मग १.६ गुणिले ३०३ भागिले ३२३, म्हणजे १.५०. आता कुणीतरी मोठी, दाट जाळी बसवली. हवा ४० अंशांवर आली, पण दाब ०.१५ बार गेला. करून बघा: १.५५ गुणिले ३०३ भागिले ३१३. पुन्हा १.५० च! दहा अंशांची सगळी कमाई अर्ध्या दशांश बारने खाऊन टाकली. मग खर्च वाया गेला का? शक्तीच्या हिशोबात हो. पण तेवढीच हवा आता दहा अंश थंड आहे, म्हणजे नॉकिंगपासून आपण थोडे लांब आलो. एफडीवाल्याने हा व्यवहार फायद्याचाच समजावा, असं माझं मत आहे. फक्त 'मोठा इंटरकूलर म्हणजे मोठी शक्ती' हे वाक्य कुणी ऐकवलं, तर त्याला हे गणित सोडवायला द्या.

कंपनीचा मूळ इंटरकूलर लहान आहे आणि त्याला बंपरमधून डक्टने हवा मिळते. रोजच्या चालवण्याला तो पुरतो. दाब वाढवला, किंवा ट्रॅकवर लागोपाठ फेऱ्या मारल्या, की जाळी स्वतःच तापून बसते आणि हवा थंड करणं जवळजवळ सोडून देते. तेव्हा बदलाचे तीन मार्ग समोर येतात. मूळ जागीच जरा जाड इंटरकूलर बसवता येतो. पाइप लहान राहतात, फारशी तोडफोड नाही. दुसरा, अगदी पुढे बंपरच्या मागे मोठा इंटरकूलर. वारा थेट लागतो, फोटोतही छान दिसतो! पण तो रेडिएटरच्या पुढे येतो, म्हणजे रेडिएटरला गरम झालेला, अडलेला वारा मिळतो. आणि रोटरी इंजिनाला पाणी तापणं अजिबात मानवत नाही, आतले पाण्याचे सील जातात. एक तापमान उतरवताना दुसरं चढवून ठेवायचं, याला काय अर्थ आहे? तिसरा मार्ग व्ही-माउंट. रेडिएटर आणि इंटरकूलर दोघांनाही तिरकं करून इंग्रजी 'व्ही' अक्षर आडवं ठेवल्यासारखं बसवतात. समोरून आलेला वारा वाटला जातो, प्रत्येकाला ताजा वारा मिळतो. काम किचकट आहे, पण उष्ण हवेच्या प्रदेशात किंवा ट्रॅकवर चालवायची असेल तर मला हाच मार्ग पटतो.

मात्र वारा आळशी असतो बरं का. त्याला जाळीतून घुसायला जोर लागतो, बाजूला फट असली तर तो तिथूनच निघून जातो. म्हणून जाळीच्या चारही बाजूंच्या फटी पत्रा किंवा फोम लावून बंद कराव्या लागतात. हे काम दिसत नाही, म्हणून लोक टाळतात. इंटरकूलर महाग आणि भोवती बोटभर फटी, असं नको.

पाइपांबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला, जाड पाइप लावला की टर्बो उशिरा जागा होतो. मोजून बघू. २ मीटर लांब, ६० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात साडेपाच लिटरच्या थोडी वर हवा मावते, ७५ मिलिमीटरच्या पाइपात पावणेनऊ लिटर. फरक तीन लिटरचा. हे इंजिन ३००० फेऱ्यांवर सेकंदाला ६५ लिटर हवा घेतं. मग तीन लिटर जागा भरायला सेकंदाचे काही शतांश भाग लागतील. पायाला ते कळायचंही नाही. गाडी आळशी वाटते ती बहुधा काटकोनी वळणांमुळे, एकदम बदलणाऱ्या व्यासांमुळे किंवा गळतीमुळे. दुसरा गैरसमज, पाइपाला चांदीसारखी पट्टी गुंडाळली की हवा थंड राहते. पूर्ण वेगात ६० मिलिमीटरच्या पाइपातून हवा सेकंदाला ४० मीटरहून वेगाने धावते. दोन मीटर पार करायला तिला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही, ती तापणार कधी? थंड बाजूचा पाइप धुराच्या नळीपासून लांब ठेवा, ते पुरेसं आहे.

खरी काळजी जोडांची. ७५ मिलिमीटर पाइपाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ४४ चौरस सेंटिमीटर. ०.७ बार दाब म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७ किलो. गुणाकार केला तर जोडावर तीस किलोच्या आसपास जोर येतो, गहू-तांदळाच्या मोठ्या पोत्याएवढा! नुसती रबरी नळी आणि साधा क्लॅम्प तो किती दिवस धरेल? म्हणून पाइपाच्या टोकाला गोल उठाव काढून घेतात, वरून सिलिकॉनची जाड नळी आणि बोल्टने आवळायचा रुंद क्लॅम्प लावतात. बसवताना नळीच्या आत तेल राहिलं तर ती घसरते, तेव्हा आधी पुसून घ्या. तपासणी पंक्चरवाल्याकडे बघितलेलीच आहे. टर्बोचं तोंड बंद करून पाइपात हवा भरायची, जोडांवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला की गळती सापडली. दाब गाडीच्या नेहमीच्या दाबापेक्षा जास्त नको.

आता सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. एफडीमध्ये येणारी हवा मोजणारा मीटर नाही. तिचा ईसीयू, म्हणजे गाडीचा छोटा संगणक, मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचं तापमान यांवरून इंधन ठरवतो. तापमानाचा मूळ सेन्सर मॅनिफोल्डच्या धातूत बसलेला आहे. धातू तापतो, सेन्सरही तापतो, आणि हवा थंड असताना तो ती गरम असल्याचं सांगतो. संगणक हिशोब करतो: गरम हवा, म्हणजे कमी हवा, म्हणजे कमी इंधन. प्रत्यक्षात थंड, दाट हवा आत गेलेली असते. इंधन कमी पडतं, नॉकिंग होतं, आणि ज्या पट्टीला वाचवायला एवढा खर्च केला तीच तुटते. नवा इंटरकूलर जितका चांगला, तितका हा फरक मोठा! म्हणून जाणकार लोक लवकर प्रतिसाद देणारा सेन्सर इंटरकूलरनंतरच्या पाइपात बसवतात आणि त्याप्रमाणे ईसीयूतले आकडे बदलतात.

दाबाचंही असंच. वेस्टगेटला दाबाची खूण टर्बोजवळून मिळत असेल आणि नव्या पाइपांत दाब कमी वाया जात असेल, तर इंजिनापर्यंत पोहोचणारा दाब न मागता वाढतो. त्यामुळे काम झाल्यावर लगेच पूर्ण अॅक्सिलरेटर दाबायचा नाही. आधी दाबाचा काटा, हवेचं तापमान आणि इंधन-हवेचं प्रमाण बघत हळूहळू वर जायचं, आणि ट्यूनिंग करणाऱ्याला 'फक्त पाइप बदललेत' असं न सांगता काय काय बदललं त्याची पूर्ण यादी द्यायची.