चार चिन्हे, पाच छायाचित्रे आणि गाण्यांची नावे : गोष्ट सांगण्याचा एक पाठ

जामच्या चौरस्त्यावर क्षणभर थांबले तरी महामार्गावरील फलकांकडे लक्ष जातेच. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग येथून हिंगणघाटकडे जातो आणि वरोरा-चंद्रपूरचा रस्ता येथेच फुटतो. रात्रंदिवस धावणाऱ्या मालट्रकांचे चालक पंजाबचे असतात, तेलंगणाचे असतात, तमिळनाडूचेही असतात. त्यांना देवनागरी वाचता येते की नाही, याने काही अडत नाही. काटा-चमचा दिसला की जेवणाची सोय, पंपाचे चित्र दिसले की डिझेल, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. सुटी संपवून वसतिगृहात परतणारी आपली मुलेही एस.टी.च्या खिडकीतून हेच फलक पाहत येतात. आम्ही ज्या पाठाविषयी येथे लिहीत आहोत, त्याची सुरुवात वर्गात या फलकांपासूनच होते.

पाठाची गरज का भासली, ते आधी सांगितले पाहिजे. पाचवीत नव्याने दाखल झालेल्या मुलांना आम्ही वर्षानुवर्षे ‘माझे गाव’ हा निबंध देत आलो. कितीही वह्या तपासल्या तरी गाव एकच निघे : सुंदर, टुमदार, नदीकाठी वसलेले. ज्यांच्या गावाला नदी नाही, त्यांनीही ती वाहवलेली असे. वास्तविक त्या मुलांपैकी एकाचे आईवडील वीटभट्टीवर होते, एकीच्या घरी लागोपाठ दोन हंगाम सोयाबीन हाती लागले नव्हते, एक जण घरी गोंडी बोलत होता. सांगण्यासारखे पुष्कळ होते. पण ‘मला’च्या जागी ‘मले’ तोंडून गेले तर वर्ग हसेल, ही धास्ती त्याहून मोठी होती. शुद्ध भाषा शिकविणे आमचे कर्तव्य आहे आणि ते आम्ही सोडलेले नाही. मात्र भाषा शुद्ध होईपर्यंत मुलाने गप्प बसावे, हे आम्हांला हळूहळू खटकू लागले. गोष्ट आधी, शुद्धलेखन नंतर, असा क्रम लावून पाहावा असे ठरले.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये डेना ॲचली, जो लँबर्ट आदी मंडळींनी १९९० च्या दशकात सामान्य माणसांना घरातली जुनी छायाचित्रे आणि स्वतःचा आवाज एवढ्यावर दोन-तीन मिनिटांची चित्रफीत करायला शिकविले. या प्रकारास डिजिटल कथाकथन असे नाव रूढ झाले. पुढे व्हर्जिनिया राज्यातील मेरी वॉशिंग्टन विद्यापीठाने अशाच विषयाचा आपला वर्ग २०११ मध्ये संगणकजालावर सर्वांसाठी खुला केला. तेथे शिकणाऱ्यांनीच एकमेकांसाठी खेळकर स्वाध्याय रचले. एखादी कथा केवळ चार चिन्हांत सांगण्याचा स्वाध्याय त्यांतलाच. आम्ही तो उचलला खरा. पण वर्गात मांडताना ध्यानी आले, की हा खेळ आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच मांडून झाला आहे.

सांचीच्या तोरणांवर तथागत मानवी रूपात कोठेही दिसत नाहीत. त्यांच्या जागी चिन्हे येतात. बोधिवृक्ष म्हणजे संबोधी, चक्र म्हणजे सारनाथचे पहिले प्रवचन, स्तूप म्हणजे महापरिनिर्वाण. आणि कमळ म्हणजे जन्म, असे अनेक अभ्यासक सांगतात. ऐंशी वर्षांचे आयुष्य चार आकृत्यांत! आम्ही ही चार चिन्हे फळ्यावर काढतो आणि मुलांना विचारतो, की यात काय नाही? राजवाडा नाही, कंथक घोडा नाही, सुजातेची खीर नाही. मग ते कोणी वगळले आणि का वगळले असेल? या प्रश्नापाशी वर्ग जागा होतो. काय ठेवायचे हे सर्वांनाच सुचते. काय सोडायचे हे ठरविताना मात्र विचार करावा लागतो.

यानंतर मुले दोघादोघांच्या जोडीने चार चिन्हे निवडतात. संगणक कक्षात चालू स्थितीतील संच मोजकेच असल्याने शिक्षकांचे फोनही कामी येतात. नियम तीनच. अक्षर नको, अंक नको, आणि चिन्हे मांडणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. गोष्ट इतरांनी सांगायची. ती चुकीची सांगितली गेली तरी मांडणाऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. हा तिसरा नियम मुलांना फार जड जातो. आम्हा शिक्षकांना त्याहून जड जातो.

आठवीच्या एका गटाने बाबासाहेबांचे जीवन निवडले होते. पुस्तक, पाण्याचा थेंब, संविधानाचा ग्रंथ आणि धम्मचक्र अशी त्यांची मांडणी होती. पुस्तक आणि चक्र वर्गाने लगेच ओळखले. थेंबापाशी मात्र घोटाळा झाला. कोणी दुष्काळ म्हणाले, कोणी घाम, कोणी अश्रू. गटाच्या मनात २० मार्च १९२७ रोजीचे महाडचे चवदार तळे होते. थेंब बदलून त्यांनी फोनवरील दोन तळवे पुढे केलेली इमोजी घेतली, ओंजळ म्हणून. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. एरवी तो वर्गात बोलत नसे. तो म्हणाला, “हे तं मांगल्यासारखं दिसते. बाबासाहेबांनी पानी मांगलं नाई, घेतलं.” वर्गात कोणी हसले नाही. पुढचा अर्धा तास घेतलेले पाणी आणि मागितलेले पाणी यांतला फरक चित्रात कसा दाखवावा, यावर मुलांचा वाद चालला. अखेर गटाने कागदावर स्वतःच चित्र काढले. त्यात ओंजळ ओठांशी टेकलेली होती. त्याचे छायाचित्र घेऊन त्यांनी ते इतर तीन चिन्हांच्या रांगेत बसविले. महाडच्या सत्याग्रहावर आम्ही इतकी वर्षे तास घेतले. त्या एका वाक्याइतके नेमके आमच्याकडून कधी सांगून झाले नव्हते.

इमोजीची चिन्हे तयार मिळतात; पण ती आपल्यासाठी घडविलेली नाहीत, हेही मुलांना कळावे लागते. जपानमधील एका दूरध्वनी कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये १७६ छोटी चित्रे तयार केली. प्रत्येक चित्र आडवे बारा आणि उभे बारा अशा ठिपक्यांच्या चौकटीत बसविलेले. जपानी भाषेत ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. आज या चिन्हांची संख्या हजारोंवर गेली आहे आणि त्यांत धम्मचक्रही आहे. आमच्या मुलांनी त्यांत कापसाचे बोंड शोधले, तुरीची शेंग शोधली, रमाईच्या लुगड्यासारखे लुगडे शोधले. जे मिळाले नाही ते हाताने काढायचे, हा रिवाज तेव्हापासून पडला.

दुसरा स्वाध्याय छायाचित्रांचा. आवारात फिरून जोडीने पाचच छायाचित्रे घ्यायची, त्यांत कोणाचाही चेहरा नको, आणि ती पाच एकामागून एक लावून घडलेली एक गोष्ट सांगायची. मुले विहार, भोजनगृह, वाळत घातलेले गणवेश, दाराबाहेरच्या चपला टिपतात. पाचही छायाचित्रे सुंदर आली, की गोष्ट बहुधा हरवलेली असते. हे का होते, याचे उत्तर आम्ही अजून शोधतो आहोत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात पिंगुळी येथे ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. सुट्या कागदांवरील चित्रांची पोथी समोर धरायची, एकेक चित्र पुढे करायचे आणि गात गात कथा सांगायची, अशी ती रीत. ती जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. संगणकावरील सरकचित्रे म्हणजे हीच पोथी, असे सांगितले की मुलांना यंत्राचा धाक वाटत नाही.

भरहुत येथील एका वर्तुळाकार शिल्पाचे चित्रही आम्ही दाखवितो. ते शिल्प आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. नदीत बुडणाऱ्या माणसाला वाचविणारा मृग, त्याच माणसाने राजाला दाखवून दिलेला मृग, आणि अखेर मृगापुढे हात जोडून उभा राहिलेला राजा, असे तिन्ही प्रसंग एकाच वर्तुळात आहेत. तो मृग एकच आहे की तीन, यावर पाचवीतली मुले भांडतात. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही घटना काळाच्या क्रमाऐवजी स्थळानुसार मांडलेल्या आढळतात. पण तो धडा नववी-दहावीसाठी राखून ठेवावा, असा आमचा अनुभव आहे.

तिसरा स्वाध्याय गाण्यांच्या नावांचा, आणि मुलांचा सर्वांत लाडका. मराठी गाण्याला सहसा वेगळे नाव नसते. धृपदाचे पहिले शब्द हेच त्याचे नाव. फोनवरच्या यादीतही ती तशीच दिसतात. चार-पाच गाणी निवडून त्यांची नावे अशा क्रमाने लावायची, की यादी वरून खाली वाचताना गोष्ट उभी राहावी. गाऊन दाखविण्यास बंदी. ती पहिल्याच मिनिटाला मोडते, त्यास इलाज नाही. भीमगीत, पाळणा, चित्रपटातले गाणे, लग्नात वाजणारे गाणे, सारे एका यादीत शेजारी येते.

सातवीतील एका मुलीने केवळ तीन नावे लिहिली होती. पहिले शाळेचे, दुसरे लग्नाचे, तिसरे पाळण्याचे. वर्गाने गोष्ट चटकन सांगितली आणि पुढच्या यादीकडे वळला. तास संपल्यावर ती मुलगी आमच्याकडे आली आणि एकच गाणे दोनदा घेता येते का, असे विचारू लागली. घेता येते, असे आम्ही सांगितले. तिने पाळण्याखाली शाळेचे गाणे पुन्हा लिहिले. “पहिलं आईचं हाय, हे माहं,” एवढेच ती बोलली. आम्ही तिला निबंध लिही असे म्हटले नाही. पंधरा दिवसांनी तिने आपण होऊन दीड पान लिहून आणले. त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या आणि आम्ही त्या तिच्याशेजारी बसून दुरुस्त केल्या. त्या गोष्टीत नदी नव्हती.

एक चूक आमच्या हातून झाली, ती सांगणे आवश्यक आहे. सुटीनंतर एका मुलाने घरून पाच छायाचित्रे आणली होती. गळके छप्पर, खाली ठेवलेली भांडी, कोपऱ्यात ओढलेली खाट असे त्यांत होते. गोष्ट वर्गाला आवडली. कौतुकाच्या भरात आम्ही ती पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला. ती रागावली नव्हती. पण घराची अवस्था साऱ्या गावाने पाहिली, हे तिला लागले होते. आम्ही क्षमा मागितली आणि चित्रे काढून टाकली, तरी पाहिलेले पुसता येत नाही. तेव्हापासून वर्गातली गोष्ट वर्गाबाहेर न्यायची असेल तर आधी मूल आणि मग पालक, अशी दोघांची संमती घेतल्याखेरीज ती जात नाही. इतर शाळांतील शिक्षकबंधूंनी हा पाठ घ्यायचा असेल तर आधी हा नियम फळ्यावर लिहावा आणि मग चिन्हांना हात घालावा.

या पाठाचा एक उपयोग आम्ही योजलेला नव्हता. रविवारी घरी फोन लावण्याची वेळ मोजकी असते. काही मुलांच्या आईला लिहिता-वाचता येत नाही. अशा एका मुलाने आठवडाभराची हकिकत चार चिन्हांत मांडून आईला पाठविली आणि तिने उलट चार चिन्हे पाठविली. चूल, बैल, पाऊस आणि हसरा चेहरा. पावसाचा अर्थ चांगला घ्यावा की वाईट, हे विचारण्यासाठी त्याने पुढच्या रविवारचा फोन खर्ची घातला.

पालकांनी भेटीच्या रविवारी येताना घरातले एक जुने छायाचित्र आणावे. चेहरा नसलेला चालेल, भांड्याचा किंवा झाडाचाही चालेल. माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे थोडे वेगळे आहे. या शाळेतील आपल्या दिवसांची चार चिन्हे कागदावर काढून पाठवावीत. नाव आणि दहावीचे वर्ष मागच्या बाजूस लिहावे, अर्थ मात्र लिहू नये. तो आजची मुले सांगतील, आणि चुकला तर तो दुरुस्त करण्यासाठी आपण यावे.