टाकी आटली तरी मोटर घरघरते

भाचेबुवा, टाकी रिकामी होण्याचा तुझा प्रोग्राम रात्रभर चालला आणि सकाळी टाकीत उणे तीन मीटर पाणी निघालं, हे तुझ्या आईकडून कळलं. हसले, पण फार नाही. तुझ्या वयात अशा उण्या टाक्या मीही बऱ्याच भरल्यात. समीकरण पायरीपायरीनं सोडवत नेणारा सॉल्व्हर म्हणजे औताला जुंपलेला बैल. शेत कुठं संपलं ते त्याला कळत नाही, बांध आपणच घालायचा असतो.

१. प्रोग्राम चालू करण्याआधी कागदावर लिहून काढ, कोणता आकडा कुठवर खरा — सकाळी आलेख पाहून ठरवायला बसलं की जे आलंय तेच बरोबर वाटू लागतं.

२. तोटीतून पाणी जाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळावर ठरतो, म्हणून उंची उणे झाली की वर्गमूळ अडतं. तिथं निरपेक्ष किंमत चिकटवून त्याला गप्प करू नकोस — तू तेच केलं होतंस ना? रडणाऱ्या पोराच्या तोंडात लाडू कोंबला, पण काटा पायातच राहिला.

३. थांबायची अट सॉल्व्हरलाच इव्हेंट म्हणून दे. सायपायच्या सॉल्व्ह_आयव्हीपीत त्या इव्हेंटच्या फंक्शनचं टर्मिनल ट्रू करायचं, मॅटलॅबात ओडीईसेटमधून इव्हेंट्स द्यायचे — मग तो ओलांडलेल्या पायरीत मागे वळून नेमका क्षण शोधतो. दूध उतू गेल्यावर धावणाऱ्याच्या नशिबी ओटा पुसणंच येतं.

४. टाकीसाठी ही अट शून्यावर लावू नकोस, एखाद्या मिलिमीटरवर लाव — खरं उत्तर शून्याला नुसतं टेकतं, ओलांडत नाही, आणि इव्हेंट तर चिन्ह पालटण्याची वाट बघत असतो. यात माझे दोन दिवस गेले होते. शिवाय पाणी तोटीच्या तोंडाशी आलं की वर्गमुळाचा नियमही तिथं फारसा खरा उरत नाही, तेव्हा त्या शेवटच्या मिलिमीटरसाठी जीव टाकण्यात अर्थ नाही.

५. जमिनीवरून चेंडू वर फेकत असशील तर इव्हेंटची दिशा उणे एक ठेव, म्हणजे फक्त उतरताना धरेल — सुरुवातीलाही उंची शून्यच असते, नाहीतर चेंडू उडण्याआधीच खेळ संपतो.

६. उतार काढणाऱ्या फंक्शनमधूनच प्रोग्राम बंद पाडू नकोस — आरके४५ सॉल्व्हर एका पायरीसाठी सहा ठिकाणी चाचपणी करतो, आणि त्यातली एखादी जागा उणे निघाली तरी पुढे ती पायरीच तो नाकारू शकतो. भाजी चाखताना तोंड वाकडं झालं म्हणून कुणी पंगत उठवत नाही.

७. जास्तीत जास्त पायरी किती लांब, तेही सांगून ठेव — एकाच पायरीत आकडा खाली जाऊन परत वर आला तर दोन्ही टोकांची चिन्हं सारखी दिसतात, आणि इव्हेंट झोपून राहतो.

८. आकडा मर्यादित आहे का, हे वेगळं तपास — नॅन, म्हणजे ‘आकडाच नाही’ ही खूण, कशाहून लहान नाही, मोठा नाही, स्वतःच्या बरोबरीचासुद्धा नाही. ‘उणे असेल तर थांब’ ही अट त्याला कधीच पकडत नाही.

९. एकदा हातानं करून बघ: वेग म्हणजे किमतीचा वर्ग, सुरुवात एकपासून. खरं उत्तर वेळ १ ला अनंताला जातं. ऑयलरच्या पद्धतीनं ०.१ च्या पायऱ्या टाकल्यास तर तिथं ६.१३ येतं आणि प्रोग्राम पुढे चालतच राहतो — ठरलेल्या पायरीला खड्डा दिसत नाही. पायरी बदलत जाणारा सॉल्व्हर निदान पावलं आखडत नेतो आणि शेवटी हात टेकतो. ते हात टेकणं हीच बातमी समज. चिडून टॉलरन्स सैल करू नकोस.

१०. उलट टॉलरन्स घट्ट करून बघ. सायपायमध्ये न सांगता मिळणारा सापेक्ष टॉलरन्स फक्त एक हजारांश असतो — उणेपणा नाहीसा झाला तर चूक हिशेबाची, जागचा हलला नाही तर मॉडेलची.

११. उत्तर उणे नाही म्हणून खुशाल झोपू नकोस. कोल्ह्यांच्या रेबीजच्या मॉडेलावर डेनिस मॉलिसन यांनी १९९१ साली नेमकं इथंच बोट ठेवलं — चौरस किलोमीटरमागे एका कोल्ह्याच्या अब्जांशाचा अब्जांश उरतो, आणि तेवढ्या तुकड्यातून पुढची साथ उभी राहते!

१२. संपल्यावर सायपायचा स्टेटस छाप: ० म्हणजे शेवटपर्यंत गेला, १ म्हणजे इव्हेंटनं थांबला, उणे १ म्हणजे मध्येच अडला — तिन्हींचे आलेख दिसायला सारखेच गुळगुळीत असतात.

बाकीचं रविवारी जेवायला येशील तेव्हा. खाली मोटर लावून लिहायला बसले होते, आणि आता गच्चीवरून पाणी पडल्याचा आवाज येतोय.