पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रयोग आणि शेतकऱ्याचे साहाय्य

कृषि वनस्पतिशास्त्रातील एम.एस्सी. ही पदवी केवळ पुस्तकी अभ्यासाने मिळत नाही. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासक्रमानुसार तीसाठी ७० श्रेयांक लागतात. त्यांपैकी ४० विषयांच्या अभ्यासाचे व चर्चासत्राचे, तर ३० संशोधनाचे असतात. सल्लागार समितीने मान्य केलेला प्रयोग विद्यार्थ्याने स्वतः करावा, त्यावर प्रबंध लिहावा व तोंडी परीक्षा द्यावी, असा नियम आहे.

काही प्रयोग शेतकऱ्यांच्या शेतावरही घेतले जातात. समजा, ज्वारीच्या चार वाणांची तुलना करावयाची आहे. शेताची एक कड भारी, तर दुसरी मुरमाड असते. म्हणून प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत पेरतात आणि वाफ्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवितात. एखाद्या वाफ्यातील पीक रोडावलेले पाहून शेतकरी सद्भावनेने त्यास जादा खत देतो. मग उत्पन्नातील फरक वाणामुळे पडला की खतामुळे, हे सांगता येत नाही. विद्यार्थ्याचा हंगाम वाया जातो. चूक लक्षात न आल्यास चुकीची शिफारस शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो.

यासाठी पेरणीपूर्वीच पुढील गोष्टी शेतकऱ्यास समजावून द्याव्यात :

१. वाफ्यांच्या खुंट्या हलवू नयेत.
२. खत, पाणी व फवारणी ठरल्याप्रमाणेच द्यावी.
३. प्रत्येक वाफ्याची कापणी, मळणी व वजन वेगवेगळे करावे.
४. रोग, कीड वा जनावरांचा उपद्रव झाल्यास तो न लपविता कळवावा.

रोडावलेला वाफाही खरी माहिती देतो. ती जपणे शेतकऱ्याच्याच हिताचे आहे.