आकाशगमनाचे दावे आणि धम्माची कसोटी



ध्यानाने चित्त शांत होते, याविषयी वाद नाही. सम्यक स्मृती व सम्यक समाधी ही अष्टांगिक मार्गाचीच अंगे आहेत. परंतु ध्यानाला भपकेदार नाव देऊन त्यातून अद्भुत शक्ती मिळते असा प्रचार होतो, तेव्हा त्या दाव्याची छाननी करणे हे उपासकाचे कर्तव्य ठरते. यासाठी एक उदाहरण घेऊ.

महेश योगी यांच्या ‘भावातीत ध्याना’ची कीर्ती १९६८ साली बीटल्स हे इंग्रज गायक ऋषिकेशला आल्यावर जगभर पसरली. साधकाकडून शुल्क घेऊन त्याला मंत्र दिला जाई व तो गुप्त ठेवण्यास सांगितले जाई. हा धर्म नव्हे, विज्ञान आहे, असा प्रचार होता. परंतु अमेरिकेत न्यू जर्सीच्या शाळांत ही पद्धत शिरली, तेव्हा १९७७ साली न्यायालयाने दीक्षेची संस्कृत पूजाही तपासली आणि ही शिकवण धार्मिक आहे असा निर्णय दिला. १९७९ साली वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. १९७५ साली डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी तर दाखवून दिले होते की, कोणताही साधा शब्द शांतपणे घोळवला तरी शरीराला तशीच विश्रांती मिळते. मग गुप्त मंत्राचे मोल ते काय?

पुढे ‘योगिक उड्डाणा’ची घोषणा झाली. १९८६ साली वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर प्रयोग झाला. लोकांना दिसले ते मांडी घालून गाद्यांवर मारलेल्या उड्या! १९९३ साली त्याच शहरात सुमारे ४००० साधक जमवून हिंसक गुन्हे घटल्याचा दावा केला गेला. ही घट कशाच्या तुलनेत? साधक जमले नसते तर किती गुन्हे झाले असते, या संशोधकांनीच बांधलेल्या अंदाजाच्या तुलनेत! अशा मोजमापाने काय सिद्ध होणार?

आता धम्माची भूमिका पाहा. राजगृहाच्या श्रेष्ठीने उंच बांबूवर चंदनाचे पात्र टांगले. पिंडोल भारद्वाजाने आकाशात उडून ते आणले, असे विनयपिटक सांगते. ही कथा अक्षरशः खरी माना अथवा मानू नका. भगवंतांनी काय केले ते महत्त्वाचे आहे. त्यांनी पिंडोलाची निर्भर्त्सना केली, पात्र फोडायला लावले आणि गृहस्थांसमोर चमत्कार दाखवण्यास भिक्खूंना मनाई केली. नालंदेच्या केवट्टाने चमत्कारांची विनंती केली, तेव्हा भगवंत म्हणाले की, अश्रद्ध मनुष्य त्यास मंत्रविद्येचा खेळ म्हणेल; खरे प्रातिहार्य म्हणजे अनुशासन, माणसाला बदलणारी शिकवण.

दुष्काळात काही भिक्खूंनी भिक्षा मिळावी म्हणून गृहस्थांपुढे एकमेकांच्या खोट्या सिद्धींची स्तुती केली. त्यावरून चौथा पाराजिक नियम झाला: खोटी सिद्धी सांगणारा संघातून बाद. पोटासाठी केलेली फसवणूकही जेथे क्षम्य नाही, तेथे संपत्तीसाठी केलेली कशी क्षम्य ठरेल?

म्हणून कोणत्याही ध्यानमार्गास, तो बुद्धाचे नाव घेत असला तरीही, हे प्रश्न विचारा. शिकवण उघड आहे की गुप्त? दावा तटस्थ माणसाने तपासला आहे काय? शंका घेणाऱ्यास उत्तर मिळते की दूषण? आणि मुख्य म्हणजे, साधकाचा लोभ, द्वेष व मोह कमी झाला काय? शेजाऱ्याशी त्याचे वर्तन समतेचे झाले काय?

आपण दैववाद टाकून धम्म स्वीकारला. तोच नव्या वेष्टनात घरी येत असेल, तर दारातच त्याची झडती घ्या. तथागतांनी आचार्यमुष्टी ठेवली नाही. आपणही बंद मुठीला वंदन करू नये.