विकत घेतलेली पत

आमच्या दुकानात तीन फोन आहेत. एक गावोगावच्या दुकानदारांसाठी, एक घरचा आणि तिसऱ्याचा नंबर फक्त वेबसाइटवर दिलेला. २०२३ च्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, हा तिसरा फोन वाजेनासा झाला. आधी वाटलं रिचार्ज संपला असेल. पोऱ्याच्या फोनवरून लावून पाहिला, तर खणखणीत वाजला. फोन ठीक होता. लोक आमच्यापर्यंत पोचत नव्हते.

आमचं दुकान नागपूरच्या गांधीबागेत, कापडबाजाराच्या एका अरुंद गल्लीत आहे. आजोबा तांडापेठेत मागावर बसायचे; वडिलांनी माग सोडून दुकान धरलं. ठोकचा धंदा वर्धा, भंडारा, गोंदिया, पलीकडे बालाघाट-छिंदवाड्यापर्यंत. २०२० च्या टाळेबंदीत दुकानाचं शटर महिनोन्‌महिने खाली राहिलं, तेव्हा पुतणीने घरी बसून वेबसाइट उभी केली. त्यावर तिने फक्त करवती साड्या ठेवल्या, म्हणजे काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेल्या, भंडाऱ्याकडच्या टसरच्या. मोहाडी-आंधळगावचे विणकर ती तीन धोट्यांनी कशी विणतात, यावर तिने दोन पानं मजकूर लिहिला, फोटो टाकले. मला तेव्हा वाटलं, एवढं वाचणार कोण? पण वाचणारे निघाले. एका महाविद्यालयाच्या वस्त्रविभागाने आपल्या पानावरून आमच्या पानाकडे दुवा दिला. एका वर्तमानपत्राने दिला. पुण्याच्या एका बाई हातमागाच्या साड्यांबद्दल लिहितात, त्यांनी दिला. असे जेमतेम पंधरावीस दुवे जमले आणि त्यावर तिसरा फोन दिवसातून पाचसहा वेळा वाजू लागला.

तेवढ्यावर समाधान मानलं असतं, तर हा लेख लिहावा लागला नसता.

२०२२ मध्ये एक एजन्सीवाला दुकानात आला. लॅपटॉप उघडून म्हणाला, “भाऊ, तुमची साइट दुसऱ्या पानावर आहे. महिन्याला पाचशे बॅकलिंक टाकून देतो, पहिल्या पानावर आणतो.” मी कापडाचा व्यापारी. माल काय आहे ते न बघता आधी भाव पाडला. त्याच पैशात पाचशेच्या आठशे करून घेतल्या आणि घरी जेवताना हे फुशारकीने सांगितलं. थानात भेसळ असेल तर बोटांना कळतं. लिंकेला बोट लावता येत नाही, आणि मी त्यातली एकही उघडून पाहिली नाही.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या साइटवरून तुमच्याकडे बोट दाखवणारा दुवा. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल उभं केलं ते याच कल्पनेवर: ज्या पानाकडे जास्त आणि वजनदार पानं बोट दाखवतात, ते पान भरवशाचं. आपल्या बाजारात नवं गिऱ्हाईक उधारी मागायला आलं की आपण विचारतो, कोणाच्या ओळखीने आलात? इतवारीतल्या जुन्या पेढीचं नाव निघालं तर माल जातो. रस्त्यावरच्या आठशे लोकांनी ‘हा चांगला माणूस आहे’ असं ओरडून सांगितलं, तर उलट शंका येते. मी नेमके हेच आठशे लोक दर महिन्याला भाड्याने आणत होतो.

पाचसहा महिने साइट वर चढली. मग एका आठवड्यात अशी कोसळली की ‘करवती साडी नागपूर’ शोधलं तरी आम्ही कुठेच नाही.

इथे मी जे केलं त्याची लाज अजून वाटते. माझा संशय समोरच्या गाळेवाल्यावर गेला. त्याच वर्षी त्यानेही वेबसाइट काढली होती. कुणीतरी मला सांगितलं होतं, की स्पर्धक मुद्दाम तुमच्या साइटवर घाणेरड्या लिंका सोडतात. बावीस वर्षं दुपारचा चहा एका टपरीवर घेणारी आम्ही माणसं. मी दोन महिने त्याच्याशी बोललो नाही. असे हल्ले होत नाहीत असं नाही, पण गूगल त्यातलं बहुतेक आपोआप दुर्लक्षित करतं. आणि खरं सांगायचं तर आमच्या गल्लीतल्या साडीवाल्यासाठी एवढी मेहनत घ्यायला कुणाला वेळ आहे?

शेवटी पुतणी दिवाळीऐवजी जूनमध्येच पुण्याहून आली. तिने सर्च कन्सोल उघडायला सांगितलं. हे गूगलचं फुकट मिळणारं खातं, साइटच्या मालकासाठी. मी म्हटलं, ते एजन्सीकडे आहे. ती डोक्याला हात लावून बसली. “काका, दुकानाची किल्ली दुसऱ्याकडे देऊन ठेवली तुम्ही?” एजन्सीवाल्याने खातं स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं, म्हणून गूगलची सूचना त्याच्याकडे गेली आणि त्याने ती आमच्यापर्यंत पोचवली नाही. आम्ही आमच्या नावाने मालकी सिद्ध केली, आणि ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ या पानावर संदेश दिसला: साइटकडे येणाऱ्या लिंका अनैसर्गिक, कृत्रिम आहेत. तो येऊन तीन आठवडे झाले होते. मॅन्युअल म्हणजे गूगलच्या माणसाने स्वतः पाहून केलेली कारवाई.

त्या रात्री पुतणीने मला धीर द्यायला मोठ्यांच्या गोष्टी सांगितल्या. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या बलाढ्य दुकानसाखळीचं असंच लिंकांचं प्रकरण फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केलं आणि ती क्रमवारीत खाली फेकली गेली. फेब्रुवारी २०१३ मध्ये ब्रिटनच्या इंटरफ्लोरा या फुलवाल्यांना गूगलने असं झाकलं की त्यांच्याच नावाने शोधलं तरी सापडेनात. अकरा दिवसांनी परत आले. त्यांनी वर्तमानपत्रांत पैसे देऊन लिंका असलेले लेख छापून आणले होते. मधल्या काळात, २४ एप्रिल २०१२ ला, गूगलने खोट्या लिंका पकडणारा ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला. त्यात सापडलेल्या साइटी नंतर साफ झाल्या तरी पुढच्या पेंग्विनपर्यंत अडकून राहत. ऑक्टोबर २०१४ नंतरचा पेंग्विन थेट सप्टेंबर २०१६ मध्ये आला. तेव्हापासून तो सतत चालू असतो आणि खोट्या लिंकेची शिक्षा देण्यापेक्षा तिची किंमत शून्य करतो. म्हणजे आपल्या वेळी जग तसं मवाळ होतं. तरी आम्ही सापडलो, कारण आमचं प्रमाणच तसं होतं.

आता दुसरी चूक, पहिलीपेक्षा महाग. पुतणी परत गेल्यावर मला धीर निघेना. ‘लिंक सफाई’ करणारा दुसरा एक इसम गाठला. त्याने कुठल्याशा सॉफ्टवेअरमधून लाल-पिवळा अहवाल काढला. जवळजवळ सगळंच लाल, सगळं ‘टॉक्सिक’. त्याने सगळ्याच्या सगळ्या लिंका एका फाईलमध्ये टाकून ‘डिसअव्हाऊ’ केल्या, म्हणजे गूगलला कळवलं की या लिंका आमच्या हिशेबात धरू नका. ही सोय गूगलने ऑक्टोबर २०१२ मध्ये दिली. पण तो विषारीपणाचा आकडा गूगलचा नसतो, ते सॉफ्टवेअर विकणाऱ्याचं गणित असतं; गूगलचे जॉन म्यूलर हे वर्षानुवर्षं सांगत आलेत. त्या लाल यादीत महाविद्यालय होतं, वर्तमानपत्र होतं, पुण्याच्या बाई होत्या. ज्या पंधरावीस खऱ्या माणसांनी आमची ओळख दिली होती, त्यांनाच मी ‘हे आमचे कोणी नव्हेत’ म्हणून लिहून दिलं. वर ‘पुनर्विचार करा’ म्हणून अर्जही केला. त्यात सगळा दोष एजन्सीवर ढकलला, आणि एकही लिंक प्रत्यक्ष काढलेली नव्हती. अर्ज नामंजूर झाला. उत्तरात नमुन्यादाखल लिंका दिल्या होत्या, त्या अजून जागच्या जागी होत्या.

मग ऑगस्ट-सप्टेंबरचे दिवस. पुतणी रजा घेऊन आली आणि आम्ही रोकडवही मांडावी तशी ती यादी मांडली. सर्च कन्सोलच्या ‘लिंक्स’ भागातून यादी उतरवून घेतली, छापली आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसलो. प्रत्येक साइट उघडायची, वाचायची. जुगाराच्या साइटी, झटपट कर्जवाल्या, गोळ्या विकणाऱ्या, कुठल्याशा परदेशी भाषेतली चकाचक पानं आणि त्यात मध्येच इंग्रजीत ‘उत्तम टसर साडी ऑनलाइन’. शेकडो ठिकाणी शब्द न्‌ शब्द तोच. खरा माणूस दुवा देतो तेव्हा दुकानाचं नाव लिहितो, ‘इथे पाहा’ म्हणतो, काहीही म्हणतो. सगळे एकच वाक्य कधी म्हणत नाहीत. ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी जागनाथ बुधवारीतून पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघाली, बाजार गर्दीने बंद, आणि आम्ही वर माडीवर याद्या तपासत होतो. खालून बडगे चालले होते, त्या त्या वर्षी लोकांना ज्याचा राग असेल त्याचे पुतळे. पुतणी खिडकीतून पाहत म्हणाली, “काका, यंदा एक बडगा आपल्या दुकानाचाही निघायला पाहिजे होता.”

लिंका काढून टाकायला आम्ही साइटवाल्यांना पत्रं लिहिली. बहुतेकांचं उत्तर नाही. काहींनी काढण्याचे डॉलर मागितले. ते द्यायचे नाहीत, एकदा दिले की तोच धंदा होतो. सगळ्यात जास्त लिंका उतरल्या त्या ज्याने लावल्या त्याच्याकडूनच. त्या एजन्सीवाल्याकडे मी तीन वेळा जाऊन बसलो, चिडलो नाही, बिलाच्या पावत्या समोर ठेवल्या. त्याच्या हातातल्या साइटींवरच्या त्याने काढल्या. ज्या कशानेच निघाल्या नाहीत, फक्त त्याच नव्या फाईलमध्ये टाकल्या.

त्या फाईलबद्दल चार गोष्टी, कारण इथेच लोक फसतात. ती साधी मजकुराची फाईल असते, एका ओळीत एक साइट. पूर्ण साइट नाकारायची तर इंग्रजीत ‘डोमेन’ शब्द, कोलन आणि पुढे साइटचं नाव, मध्ये जागा न सोडता. एक लाख ओळी आणि दोन एमबी ही मर्यादा, पण आपल्यासारख्याला तिथवर जायची वेळ येऊ नये. नवी फाईल चढवली की जुनी पुसली जाते. हे आम्हाला उपयोगी पडलं, कारण तो लाल अहवालवाल्याचा गोंधळ त्यामुळेच दुरुस्त झाला. पण अर्धी यादी आज आणि अर्धी उद्या चढवली तर पहिली अर्धी गेली, हेही त्यातच आलं. फाईल चढवायचं साधन सर्च कन्सोलच्या यादीत दिसत नाही, त्याचं पान वेगळं आहे, आणि ‘डोमेन प्रॉपर्टी’ प्रकारच्या खात्याला ते चालत नाही. पूर्ण पत्त्यासकट नोंदवलेली प्रॉपर्टी लागते. परिणाम दिसायला काही आठवडे जातात. मुद्दामच आडबाजूला ठेवलंय ते, असं माझं मत. बहुतेक साइटींना याची गरज नसते आणि चुकीचं वापरलं तर नुकसान होतं, हे गूगल तिथेच लिहून ठेवतं. मी ते वाचलंच नव्हतं.

दुसऱ्या अर्जात आम्ही काही लपवलं नाही. लिंका पैसे देऊन घेतल्या, किती महिने घेतल्या, किती काढल्या, कोणाला पत्रं लिहिली, कोणी उत्तर दिलं नाही, सगळं तारखेनिशी लिहिलं. पत्रव्यवहाराची यादी जोडली. काही आठवड्यांनी कारवाई मागे घेतल्याचा संदेश आला. मी दुकानात पेढे वाटले. पुतणी म्हणाली, थांबा.

तिचं बरोबर होतं. साइट जुन्या जागी परतली नाही. आजही नाही. कारण ती जुनी जागाच खोट्या आधारावर होती. पायाखालचा पाट काढल्यावर माणूस स्वतःच्या उंचीचाच राहतो. आठशे लिंकांनी दिलेली उंची परत मागण्यात अर्थ नव्हता. महाविद्यालयाची लिंक फाईलमधून बाहेर काढल्यावर मात्र हळूहळू फरक पडला. पुढे पुतणीने विणकरांवर आणखी पानं लिहिली. धोटे कसे बदलतात याचा मी मागाशी बसून व्हिडिओ करून दिला. लहानपणी आजोबांच्या मागाशी जे पाहिलं होतं तेच. दोन नवे दुवे मिळाले, न मागता. साड्या भेट देऊन लिहून घ्यायचा सल्लाही एकाने दिला होता. तो मी मानला नाही. भेटीच्या बदल्यात आलेली लिंक ‘प्रायोजित’ म्हणून खूण करून द्यावी लागते, नाहीतर तीही विकतचीच.

क्रमवारी घसरली म्हणजे लिंकाच खराब झाल्या असं नसतं, हेही सांगून ठेवतो. आमच्या ओळखीच्या एका भांडीवाल्याने सहा महिने लिंकांवर खर्च केला. शेवटी कळलं, साइट नव्याने बांधणारा पोरगा ती गूगलला दाखवू नका असं सांगणारी खूण काढायलाच विसरला होता. मॅन्युअल ॲक्शन्सच्या पानावर काही अडचण नाही असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही कधी लिंका विकत घेतल्या नसतील, तर फाईलच्या वाटेला जाऊ नका.

समोरच्या गाळेवाल्याकडे मी स्वतः चहा घेऊन गेलो. काय झालं ते सांगितलं. तो हसला नाही, आणि मग म्हणाला, “तो एजन्सीवाला आमच्याकडेही आला होता. मी म्हटलं, आधी समोरच्याला विचारून घेतो. पण तू तर बोलतच नव्हतास.”

तुमच्या दुकानाच्या, संस्थेच्या, शाळेच्या साइटचं सर्च कन्सोल कोणाच्या ईमेलवर आहे, ते आज रात्री बघून घ्या.