आमेन, अनामत आणि क्रेडिट

होस्टेलवर रात्रीची जागरणं सुरू झाली की सबमिशनच्या जोडीला एक विषय हमखास निघतो. ‘आमेन’ म्हणजे आपला ‘ओम्’च, ‘ख्राइस्ट’ हा ‘कृष्ण’चा अपभ्रंश, जगातले सगळे धर्म इथूनच गेले, वगैरे वगैरे. लगेच दुसरा कोणीतरी उलटं टोक गाठतो. अमुक शब्द ‘त्यांचा’ आहे, तो मराठीतून काढून टाकला पाहिजे! मोबाईलवर फिरणारे मेसेज दोघांनाही दारूगोळा पुरवतात. मित्रांनो, आपण इंजिनिअर होणार आहोत. एखादं रीडिंग नुसतं ‘सारखं दिसतं’ म्हणून लॅबमध्ये सर सही करत नाहीत. मग शब्दांच्या बाबतीतच एवढी सवलत कशाला?

शब्दांचं नातं तपासायलाही टेस्ट असतात. सन १७८६ मध्ये सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीपुढे भाषण केलं आणि संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं मत मांडलं. पुढे अनेक अभ्यासकांनी त्यामागचे नियम शोधून काढले. ते सगळे इथे मावणार नाहीत, पण तीन प्रश्न लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम होतं.

पहिला प्रश्न : आवाज नियमाने जुळतात का?

दहा या संख्येला संस्कृतमध्ये ‘दश’, ग्रीकमध्ये ‘देका’ आणि लॅटिनमध्ये ‘देकेम’. म्हणजे ‘द’ तिन्हीकडे तसाच राहिला आणि आपल्या ‘श’च्या जागी तिकडे ‘क’ आला. हा योगायोग नाही, कारण ‘शत’ घ्या, लॅटिनमध्ये ‘केंतुम’ मिळतं. नियम सापडला, आता लावून बघू.

संस्कृत ‘देव’ आणि लॅटिन ‘देउस’. दोन्हींच्या मुळाशी प्रकाशणे हा अर्थ आहे. पास! आता ग्रीक ‘थेऑस’. अर्थ देवच आणि दिसायला तर ‘देउस’चा जुळा भाऊ. पण शब्दाच्या सुरुवातीला ग्रीक ‘थ’ असेल तर संस्कृतमध्ये ‘ध’ यायला हवा, जसा ‘थूमोस’ला ‘धूम’. म्हणून ‘थेऑस’ नापास. ‘देव’चा खरा ग्रीक नातेवाईक वेगळाच आहे, तो म्हणजे ‘झ्यूस’. वेदांतला ‘द्यौः पिता’, ग्रीकांचा ‘झ्यूस पिता’ आणि रोमनांचा ‘जुपिटर’ हे तिघे एकाच घरचे. जुळा दिसणारा परका निघाला आणि अजिबात न दिसणारा सख्खा!

याच ‘श’ आणि ‘क’च्या नियमाने ‘श्रद्धा’ बघा. ‘श्रत्’ आणि ‘धा’, म्हणजे ठेवणे. ‘श्रत्’चा अर्थ बहुतेक अभ्यासक हृदय असा घेतात. हृदय ठेवणे म्हणजे विश्वास टाकणे. लॅटिनमध्ये हाच शब्द ‘क्रेदो’ होतो, ‘मी विश्वास ठेवतो’. ख्रिस्ती श्रद्धेच्या जाहीरनाम्याची लॅटिनमधली सुरुवात याच शब्दाने होते. आणि त्यातूनच निघाला तो ‘क्रेडिट’, ज्याच्यासाठी आपण सेमिस्टरभर झिजतो!

दुसरा प्रश्न : त्या शब्दाचं स्वतःच्या घरातलं कुटुंब कोणतं?

‘ख्राइस्ट’ हा ग्रीक ‘ख्रिस्तोस’, अर्थ अभिषिक्त, म्हणजे ज्याला तेलाचा अभिषेक केला तो. हिब्रू ‘मशियाह’चं ते सरळ भाषांतर आहे. अरबीत तोच ‘मसीह’. ‘कृष्ण’ म्हणजे काळा-सावळा. त्याचे भाऊबंद रशियन आणि युक्रेनियन भाषांत आहेत, काळा या अर्थाच्या शब्दांत. १९८६ च्या अणुभट्टी अपघातामुळे आपल्याला माहीत असलेल्या ‘चेर्नोबिल’ या नावाचा पहिला भाग तोच. कुठे तेल आणि कुठे काळा रंग!

‘आमेन’चंही तेच. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे दहा वर्षं रोज सकाळी प्रार्थनेनंतर हा शब्द म्हटलाय. अर्थ मात्र कोणी सांगितला नव्हता. हिब्रू, अरबी या भाषांत शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे राहतात. इथे सांगाडा आहे अ-म-न, अर्थ पक्कं असणे, भरवशाचं असणे. ‘आमेन’ म्हणजे ‘हे पक्कं आहे, असंच असो’. मशिदीतला ‘आमीन’ हा तोच शब्द. ‘ओम्’शी त्याचं काही नातं नाही.

पण मराठीशी आहे! त्याच सांगाड्यावरचा अरबी ‘ईमान’ म्हणजे श्रद्धा, तो आपल्याकडे ‘इमान’ झाला. आपण इमानेइतबारे काम करतो, कुत्र्याला इमानी म्हणतो. तिथलाच ‘अमानत’ म्हणजे भरवशाने सोपवलेली वस्तू. मराठी तोंडात अक्षरांची अदलाबदल झाली आणि झाला ‘अनामत’. अॅडमिशनच्या वेळी भरलेली अनामत रक्कम आठवली? ती पावती आणि चर्चमधला ‘आमेन’ एकाच मुळाचे आहेत.

तिसरा प्रश्न : शब्द कोणत्या रस्त्याने आला?

‘नमाज’ अरबी असेल असं वाटतं. पण अरबी शब्द ‘सलात’ आहे, ‘नमाज’ फारसी. फारसी आणि संस्कृत या जवळच्या भाषा. ‘नमाज’ आणि आपला ‘नमः’ एकाच मुळाचे, वाकणे या अर्थाचे. ‘रोजा’ही फारसीच, ‘रोज’ म्हणजे दिवस यावरून आलेला. म्हणजे रोजनिशी, रोजंदारी आणि रमजानचा रोजा यांत एकच ‘रोज’ आहे.

संस्कृतमधला ‘स’ इराणी भाषांत पुष्कळदा ‘ह’ होतो. सिंधूचा हिंदू तसाच झाला. ‘सप्त’चा झाला ‘हफ्त’, त्यावरून ‘हप्ता’. तेव्हा गावातला हरिनाम सप्ताह आणि बाबांच्या कर्जाचा हप्ता, दोघांतही तेच सात आहेत! ‘असुर’चा झाला ‘अहुर’, आणि पारशी बांधवांचा परमेश्वर आहे ‘अहुर मज्द’. उलट त्यांच्या अवेस्ता ग्रंथात ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती. शब्द तेच, पण बाजू बदललेल्या.

काही शब्द उसने जातात. ‘ध्यान’ बौद्ध भिक्षूंबरोबर चीनला जाऊन ‘चान’ झाला आणि जपानला ‘झेन’. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे ‘नाताळ’ आणि ‘पाद्री’ आले. ‘पाद्री’ म्हणजे पिता, लॅटिन ‘पातेर’, आणि तो आपल्या ‘पितर’चा भाऊ. काही वेळा लोक मुद्दाम निवडही करतात. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. त्यात स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला. त्यामुळे ना वैकुंठ बाटलं, ना त्यांचा स्वर्ग.

आता मुद्दा असा की, नातं सिद्ध झालं म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. संस्कृत, लॅटिन, ग्रीक ही भावंडं आहेत. चुलतभावाचा चेहरा आपल्यासारखा आहे म्हणून तो आपला मुलगा ठरत नाही, दोघांचे आजोबा एक असतात इतकंच. म्हणून ‘सगळं आमचंच’ हे टिकत नाही. आणि ‘त्यांचं बाहेर काढा’ हेही टिकत नाही, कारण काढायला बसलो तर इमान जाईल, रोज जाईल आणि अनामतही जाईल.

हा फक्त शब्दांचा खेळ नाही. आपल्या एकाच मेसमध्ये एकादशी, रोजा आणि लेंट पाळणारे लोक शेजारी बसून जेवतात. तिथे शब्दावरून वाद पेटला तर तो शब्दापुरता राहत नाही, शेजारच्या ताटापर्यंत पोहोचतो. तेव्हा पुढच्या वेळी असा मेसेज आला की तीन प्रश्न विचारा. आवाज नियमाने जुळतो का? घरचं कुटुंब कोणतं? रस्ता कोणता? उत्तर मिळालं तर आम्हालाही सांगा. नाही मिळालं तर कृपया फॉरवर्ड करू नका!